पहिल्या दिवशी फक्त माती

मराठी विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांची शरीरयष्टी हा खरे तर एका स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. माझ्यापुरते सांगायचे तर गेल्या वर्षी माझे वजन 49 किलो होते आणि त्यातही चष्म्याचा वाटा बराच होता. अशा माणसाने कोल्हापुरात जन्म काढावा आणि तालमीचे दार एकदाही ओलांडू नये यात नवल नाही. नवल हे की एका पहाटे त्याने ते ओलांडले.

कारण अगदी लहान होते. दिवाळीनंतर आई आणि मी मामाच्या गावाहून एस.टी.ने परत येत होतो. गाडी लागली तशी आईने बाहेरूनच खिडकीतून पिशवी टाकून जागा धरली. आम्ही आत पोहोचेपर्यंत एका धिप्पाड गृहस्थाने पिशवी खाली सरकवून तिथे बस्तान मांडले होते. आई म्हणाली, "अवं, ती पिशवी आमची हाय." त्याने तिला उत्तर दिले नाही. माझ्याकडे मात्र पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिले आणि तो पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला. माझी परीक्षा झाली होती, निकालही लागला होता. "असू दे रं, तासाभराचा तर रस्ता," असे म्हणून आई दांडा धरून कोल्हापूरपर्यंत उभी राहिली. मी पिशवी सांभाळत होतो.

त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी त्या गृहस्थाला किमान सात वेळा आस्मान दाखवले. आठव्या वेळी जाणवले की, माणूस पाडतात कसा हेच आपल्याला ठाऊक नाही.

आमच्या शहरात तालमींना तोटा नाही. पेठापेठांत तालीम आहे. त्यांतल्या कित्येकींची नावे आता कुस्तीपेक्षा फुटबॉलच्या संघांमुळे अधिक गाजतात, हा भाग वेगळा. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या नामांकित तालमी. तिथे जाण्याची माझी छाती नव्हती (छाती तेव्हा नव्हतीच). मी गेलो ती आमच्या घरामागच्या गल्लीतली एक जुनी, दगडी, अंधारी तालीम. तिचे दार इतके बुटके की उंच माणसाला वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. मी उंच नाही, तरीही कपाळ आपटले. पुढे कोणीतरी सांगितले की दार मुद्दामच बुटके ठेवतात. आत येणाऱ्याने मान खाली घालूनच यावे.

मित्रहो, तुमच्यापैकी कोणाच्या मनात असा बेत शिजत असेल तर काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो. नखे कापून जा. अंगठी, साखळी, घड्याळ घरी ठेवा. पोटात काही नसावे. चष्मा काढावा लागतो आणि तो ठेवायला जागा नसते. माझा चष्मा मारुतीच्या कोनाड्यात गेला आणि त्यानंतर मला सगळी तालीम एका तांबूस ढगासारखी दिसू लागली. त्या ढगातल्या सर्वांत मोठ्या आकाराला वस्ताद समजून मी वाकून नमस्कार केला. तो आकार घाईघाईने म्हणाला, "मला न्हाई, त्यास्नी कर." खरे वस्ताद कोपऱ्यात बाकड्यावर बसले होते. अंगाने किरकोळ, वय सत्तरीच्या पुढे, डोक्याला मफलर आणि पिळून मुटके झालेले दोन्ही कान.

"काय शिकतोस?"

"बी.ए. मराठी."

"कशाला आलाईस?"

आता ती एस.टी. कशी सांगणार? मी म्हणालो, "तब्येत करायची आहे."

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले. ते पाहणे निराळे होते, एवढेच त्या क्षणी कळले. "लंगोट हाय?" नव्हता. मी बहिणीने आणलेली नवी ट्रॅकपँट घालून गेलो होतो. वस्तादांनी सातवीतल्या एका पोराला हाक मारली आणि म्हणाले, "ह्येला लंगोट बांधायला शिकीव." बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या माणसाला सातवीतला मुलगा लंगोट बांधायला शिकवतो आहे, या दृश्यावर मी अधिक लिहीत नाही. एवढेच सांगतो की तो मुलगा हसला नाही. उलट एक पीळ चुकला तेव्हा त्याने सगळे सोडून पुन्हा पहिल्यापासून बांधायला लावले. आमच्या काही प्राध्यापकांइतकी चिकाटी त्याच्यात होती.

पहिल्या दिवशी डाव शिकवतील ही कल्पना डोक्यातून काढून टाका. कलाजंग, ढाक, धोबीपछाड, मोळी, एकलंगी ही नावे मैदानातल्या निवेदकाच्या तोंडून ऐकून मला पाठ होती. माझ्या हाती पडले ते खोरे. आखाड्याला आमच्याकडे हौदा म्हणतात. पाण्याच्या हौदासारखाच तो जमिनीत खोल असतो आणि त्यात पाण्याऐवजी तांबडी माती असते. ही माती शेतातल्या मातीसारखी नसते. चाळलेल्या मातीत काव, हळद, तेल, लिंबाचा रस, कापूर आणि ताक घालून ती मुरवतात. आत शिरताच जो वास येतो तो या सगळ्याचा आणि वर्षानुवर्षांच्या घामाचा. आदल्या दिवशी शंभर पायांनी तुडवून दडपलेली ही माती रोज पहाटे उकरून मोकळी करावी लागते आणि हे काम नव्या गड्याचे. उतरण्यापूर्वी ती चिमूटभर कपाळाला लावायची, मग खोरे हातात घ्यायचे.

मी तीन-चार घाव घातले आणि वर पाहिले. बाकड्यावरून आवाज आला, "नीट खोल उकर. आज तूच पडणार हाईस त्यात."

अर्धा तास मी स्वतःच्या पडण्याची जागा मऊ करत होतो. तळहाताला फोड आले. पण एक गोष्ट त्या अर्ध्या तासात घडली. आत येताना जी भीती पोटात घेऊन आलो होतो ती खोऱ्याबरोबर कुठेतरी खाली गेली. जी माती आपणच उकरली, तिची भीती वाटेना.

त्यानंतर जोर आणि बैठका. जोर 15, बैठका 30. आकडे वाचताना किरकोळ वाटतील. दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरचा तास संपवून मी जिन्यावरून खेकड्यासारखा आडवा उतरलो, आणि ग्रंथालयात खालच्या कप्प्यातले पुस्तक हवे असूनही वरच्या कप्प्यातलेच घेऊन आलो.

शेवटी लढत. माझा जोड म्हणजे माझा लंगोटगुरूच. हातसलामी झाली. मी शड्डू ठोकायला हात उचलला तेवढ्यात वस्ताद ओरडले, "ए, शड्डूला लई दिस हाईत अजून!" पुढच्या क्षणी मला छताचा दिवा दिसत होता. पोराने पट काढला होता, म्हणजे पायाला मिठी मारून मला उचलून टाकले होते. त्या दिवशी मी तो दिवा 11 वेळा पाहिला. प्रत्येक वेळी तो पोरगा हात देऊन उठवी आणि सांगे, "दादा, हनुवटी छातीला लावा, न्हाईतर डोकं आपटंल." "दादा, पडताना हात टेकू नगा, मनगट जातंय." आठव्या की नवव्या खेपेला हनुवटी आपोआप आत गेली. तेव्हा तो म्हणाला, "आता झ्याक पडला."

आयुष्यात पडण्याबद्दल मिळालेली ही पहिली शाबासकी.

मला सर्वांत अधिक भीती हसण्याची होती. कोणी हसले नाही. कोणाला सवडच नव्हती. जो तो आपल्या मेहनतीत बुडालेला. परक्या माणसाचा हात मानेवर पडणे, त्याचा घाम आपल्या अंगाला लागणे याची आम्हा पुस्तकी माणसांना किळस वाटते. ती दुसऱ्या-तिसऱ्या झटापटीतच संपली, कारण किळस करायलाही श्वास उरावा लागतो. आणखी एक. तिथे माझे नाव पहिल्या दिवशी विचारले, आडनाव मात्र चौथ्या दिवसापर्यंत कोणी विचारले नाही. कॉलेजात ते पहिल्याच तासाला विचारतात.

निघताना मी वस्तादांना वजनाबद्दल विचारले. त्यांनी भिंतीवरच्या तसबिरींकडे बोट केले. एक तसबीर शाहू महाराजांची, ज्यांच्यामुळे 1912 साली या गावाला खासबाग मैदान मिळाले. दुसरी गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले, म्हणजे जेमतेम 52 किलोच्या गटात. 1952 साली हेलसिंकीला त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबा आपल्याच गावच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, आणि हेलसिंकीच्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले असे सांगतात. (प्राध्यापकवर्गाने याची नोंद घ्यावी, ही नम्र विनंती.) मी मनात हिशेब केला : 52 उणे 49, तीन किलो. तेवढ्यात पदकाचा प्रश्न सुटत नाही हे खरे, पण त्या दिवशी घरी जाताना पाय हलके वाटले.

माझ्या वर्गभगिनींची इथे क्षमा मागायला हवी. महिलांची कुस्ती 2004 साली ऑलिंपिकमध्ये आली, 2016 साली साक्षी मलिकने रिओहून पदक आणले. आपल्या जिल्ह्यातल्या मुलीही गादीवर लढत आहेत. पण आमच्या गल्लीतले ते बुटके दार त्यांच्यासाठी अजून उघडलेले नाही. मान खाली घालून आत यायला मुलींना शिकवावे लागले नसते, तरीही नाही. वस्तादांना एकदा विचारले, तर त्यांनी मफलर सारखा केला आणि खोरे दाखवले.

पंधरा-वीस दिवसांनी धीर करून मी त्यांना एस.टी.ची हकीकत सांगितली. वाटले, हा इतिहास ऐकून ते एखादा खास डाव दाखवतील. ते इतके हसले की मफलर सुटला.

"म्हंजे त्येला पाडायला आलायस व्हय तू? लेका, 'उठा, आई बसू दे' म्हणायला तालीम कशाला लागती? तोंड लागतं. ते व्हतं की तुझ्याजवळ तवा!"

मला ते फार लागले. दोन दिवस मी तालमीत गेलो नाही. वस्तादांना काय कळणार, असे स्वतःला सांगून पाहिले. पण ते खरे बोलले होते, आणि माझे तोंड त्या दिवशी का उघडले नाही याचे उत्तर त्या 11 पडण्यांत कुठेतरी आहे असे मला राहून राहून वाटत होते. पाडले जाण्याची भीती होती, म्हणून मी बोललोच नव्हतो. तिसऱ्या दिवशी गेलो. त्यांनी काही विचारले नाही. खोरे भिंतीला टेकवलेले होते.

घरी मी यातले काहीच बोललो नव्हतो. पहाटे अभ्यासाला मित्राकडे जातो असे सांगितले होते. पण ती माती चिवट. उशीचे अभ्रे तांबडे होऊ लागले. परवा जेवताना आईने पदराचे टोक ओले करून माझ्या कानामागे पुसले, बोटाला लागलेले हुंगून पाहिले आणि म्हणाली, "ह्यात ताक घालत्यात व्हय?"

मी हो म्हणालो.

"मग सांगायचं न्हाईस? रोज उरतंय की घरात."

दुसऱ्या दिवशी पहाटे उंबऱ्याशी ताकाचा तांब्या झाकून ठेवलेला होता. गल्लीच्या अंधारातून तो सांडू न देता नेताना मला पाच मिनिटे उशीर झाला. वस्तादांनी ताक घेतले आणि उशिराबद्दल 20 बैठका जास्त काढायला लावल्या.