मातेरा : दगडाच्या पोटातले गाव

इटली म्हटले की रोम आठवते, व्हेनिसच्या नावा आठवतात. पण वाचकहो, कष्टकरी माणसाने आवर्जून पाहावे असे एक गाव इटलीच्या दक्षिणेला आहे. मातेरा त्याचे नाव. बसिलिकाता हा तिकडचा पूर्वापार गरीब प्रांत, आणि त्यातले हे डोंगरावरचे गाव. समुद्रकाठच्या बारी शहरातून अरुंद रुळांची छोटी गाडी निघते आणि ऑलिव्हच्या बागा, गव्हाची शेते ओलांडत तेथे पोचवते.

स्टेशनाजवळचे गाव चारचौघांसारखेच आहे. मुख्य चौकाच्या कठड्याशी जाऊन खाली पाहिले की मात्र माणूस गप्प होतो. ग्राविना नदीची खोल दरी आणि तिच्या कडेवर घरावर घर रचलेले! एकाच्या घराचे छप्पर म्हणजे वरच्याचे अंगण. या वस्तीला 'सास्सी' म्हणतात. सास्सी म्हणजे दगड. डोंगराचा मऊ चुनखडीचा दगड, लेणी कोरावीत तसा कोरून लोकांनी खोल्या केल्या आणि निघालेल्या चिऱ्यांनी पुढची भिंत उभारली. पाणी? तेही दगडातच. छपरांवरचे पावसाचे पाणी पन्हळींनी जमिनीखालच्या टाक्यांत सोडायचे. चौकाच्या पोटात 'पालोम्बारो लुंगो' नावाचे असे एक प्रचंड टाके आहे. त्यात सुमारे ५० लाख लिटर पाणी मावे. नळ आले, टाके विस्मरणात गेले आणि १९९१ साली पुन्हा सापडले. आज तिकीट काढून आत उतरता येते.

पायऱ्या उतरत कावेओसो भागात गेलात, तर चर्चच्या आधी एक जुने घर पाहा. संसार होता तसा मांडून ठेवला आहे. एकच खोली. उजेड दारातून येईल तेवढाच. पलंग उंच, गादीत मक्याची साले भरलेली, पलंगाखाली कोंबड्या. मागच्या अंगाला खेचर बांधायची जागा. त्याच्या अंगाची ऊब हिवाळ्यात घराला मिळे, आणि शेणाची वाफही. तान्ह्या पोराला पेटीच्या खणात निजवायचे. जेवायला मध्ये एकच मोठे ताट, सगळ्यांनी त्यातच जेवायचे. दहा बाय दहाच्या खोलीत ज्यांचा जन्म गेला, त्यांना येथे समजावून सांगायला वाटाड्या लागत नाही.

शेजार मात्र घट्ट होता. काही घरांमिळून एक अंगण आणि पाण्याचे एक टाके. पाव भाजायची भट्टीही सामाईक. प्रत्येक घरची बाई कणीक मळून धाडी. पाव अदलाबदल होऊ नये म्हणून त्यावर घराच्या अक्षरांचा लाकडी शिक्का उठवायची. मोठमोठे पाव, आठवडाभर पुरतील असे. हे शिक्के आता दुकानांत शोभेची वस्तू म्हणून विकतात.

कार्लो लेव्ही हा चित्रकार, शिक्षणाने डॉक्टर. मुसोलिनीच्या सरकारने १९३५ साली त्याला या प्रांतात हद्दपार केले. त्याला भेटायला येताना त्याची बहीण मातेऱ्यातून आली. तीही डॉक्टर. डोळे चिकटलेली, हिवतापाने पिवळी पडलेली पोरे तिच्यामागे धावली. पैसा नव्हे, क्विनाइन मागत होती! १९४५ च्या लेव्हीच्या पुस्तकात हे आले आणि देशभर बोभाटा झाला. पुढाऱ्यांनी मातेऱ्याला 'राष्ट्राची लाज' म्हटले. १९५० साली पंतप्रधान दे गास्पेरी स्वतः येऊन गेले, १९५२ साली कायदा झाला आणि पंधरा हजारांच्या आसपास माणसांना तेथून हलवून वरच्या नव्या वसाहतींत घरे देण्याचे काम सुरू झाले.

हे बरे झाले की वाईट? आमच्या मते बरेच झाले. ज्याने त्या खोलीत पोर गमावले, त्याला सामाईक अंगणाची गोडी सांगू नये. पण लाज कोणाची होती, हे नीट विचारायला हवे. दगड फोडून घर करणाऱ्याची की पिढ्यान्‌पिढ्या कुळांकडून धान्य घेऊन औषधाची पुडीही न देणाऱ्यांची?

सास्सी ओस पडली. १९८६ साली दुरुस्तीसाठी वेगळा कायदा झाला. १९९३ साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले, २०१९ साली मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली. खेचराच्या जागी आता न्हाणीघर आहे, गुहेत पांढरीशुभ्र चादर आहे, आणि रात्रीचे भाडे साध्या कामगाराच्या आवाक्याबाहेरचे. जेम्स बाँडची मोटारही या गल्ल्यांतून धावून गेली. पाहुणे छायाचित्रे काढतात, दिवे लागल्यावर तर गाव फारच देखणे दिसते. ते खोटे नाही.

पण दोन ठिकाणे चुकवू नका. एक, पालाझ्झो लान्फ्रांकी हे संग्रहालय. तेथे लेव्हीने १९६१ साली रंगवलेले 'लुकानिया ६१' हे अठरा मीटरहून लांब चित्र आहे. शेतमजूर, काळ्या शालीतल्या बाया, पोरे. दुसरे म्हणजे ला मार्तेल्ला, शहराबाहेरचे छोटे खेडे. सास्सीतून उठवलेल्या शेतकऱ्यांसाठी ते बांधले. घरे साधी, दोन मजली, आणि जनावरांचा गोठा घराला लागून, पण वेगळा. तेथे तिकीट नाही, वाटाड्याही नाही.