काटा पडतो, शेठ

गुजरातमधल्या पादऱ्यातून भाजीच्या गाड्या भरून पाठवणं हा माझा धंदा. भाजीला दम नसतो, म्हणून मलाही नसायचा. गाडी भरलेली, दोर आवळलेले, आणि ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून ब्रेकची एअर भरायची वाट बघत बसलेला. डिझेल माझं जळतंय, एवढंच मला दिसायचं. 9 जुलै 2025 ला महीवरचा गंभीरा पूल कोसळला, गाड्या नदीत गेल्या, माणसं मेली; आणि मी सौराष्ट्राच्या गाड्यांना किती फेरा पडणार याचा हिशेब मांडत होतो. असा माणूस होतो मी.

एअरब्रेकही मला अर्धाच कळला होता. हवा कमी म्हणजे ब्रेक जरा ढिला, सांभाळून चालवली की झालं, ही माझी समज. मागच्या चाकांवर दणकट स्प्रिंग असते आणि हवाच तिला मागे रेटून धरते, हे माझ्या गावीही नव्हतं. आठेक बारवर भरणारी टाकी चार-पाचच्या खाली आली की बजर वाजतो. त्याहून खाली उतरली की स्प्रिंग चाकं जखडते. हवा गेली तर गाडी थांबावी, ही युक्ती वेस्टिंगहाउसने रेल्वेसाठी 1872 मध्येच काढलेली. मी मात्र एकदा बजरची वायर काढून टाकायला सांगितली होती. ड्रायव्हरने ऐकलं नाही, हे माझं नशीब.

एक ड्रायव्हर बरेच दिवस सांगत होता, “शेठ, ब्रेक दाबला की काटा पडतो.” मला ऐकू यायचं ते एवढंच, की याला आज जायचं नाही. शेवटी वैतागून नवा कॉम्प्रेसर टाकायचं ठरवलं. मिस्त्रीने त्याला हातही लावला नाही. विचारलं, “हवा बनत नाही, की टिकत नाही?”

मी गप्प. उत्तर ड्रायव्हरकडे होतं.

इंजिन चालवलं, हवेचा काटा वेळेत वर गेला, म्हणजे कॉम्प्रेसर ठीक. इंजिन बंद केलं, काटा जागेवर. मग चाकांखाली दगड लावून हँडब्रेक सोडला आणि ड्रायव्हरला पायाचा ब्रेक दाबून धरायला सांगितलं. मागच्या चाकाशी फुस्स झालं. मिस्त्रीने ब्रेक चेंबरवर साबणाचं पाणी ओतलं, फेस उसळला. पाय उचलला, फेस बसला. पुन्हा दाबला, पुन्हा फुगे. आतला डायफ्राम फाटलेला. मी वाकून बघत राहिलो. ‘ब्रेक दाबला की’ हे शब्द ड्रायव्हरने भरीला घातले नव्हते. बिघाडाचा पत्ता दिला होता. आणि ती गाडी मी रोज करजणमार्गे मुंबईला पिटाळत होतो. त्याच्या जिवाची किंमत मी लिटरमध्ये लावत होतो.

परवा दुसऱ्या एका ड्रायव्हरने टाकीचा नळ सोडून तेलकट काळं पाणी तळहातावर घेऊन दाखवलं. कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्या असतील, असं तोच म्हणाला. गाडी उभी केली. दुधी दुसऱ्या गाडीत चढवण्यात अर्धी रात्र गेली. चिडलोही, सवयीने.