घरची गोष्ट

दारूच्या पायीं संसार धुळीस मिळवणाऱ्या पुरुषाविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. त्याच्या पत्नीविषयींही लिहिलें जातें. त्याच्या मुलाच्या मनांत काय चालतें, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. तसा मुलगा मी स्वतः होतों, म्हणून चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहें.

माझें बालपण हिंगोलीस गेलें. आज तें जिल्ह्याचें ठिकाण आहे. १९९९ पूर्वीं परभणी जिल्ह्यांतलें तालुक्याचें गांव होतें. आमचें बारा-चौदा माणसांचें एकत्र कुटुंब. देवपूजा, एकादशी, सोंवळें सारें यथासांग चाले. वडील वकील, अशील त्यांच्या हुशारीची तारीफ करीत. परंतु दिवेलागणी झाली कीं साऱ्या वाड्याचे कान दरवाजाकडे लागत. जिन्यावरचीं त्यांचीं पावलें मी अंथरुणांत पडून मोजीत असें. त्या आवाजावरून पुढची रात्र कशी जाणार तें कळे. कोणी भेटावयास आलें कीं आजी मला पुढें करी. "बाबांना बरें नाहीं म्हणून सांग." ब्राह्मणाच्या घरीं दारूचें नांव काढणेंही अशक्य होतें. असें खोटें सांगतां सांगतां मी एक धडा शिकलों: आपल्या घरांत असें कांहीं आहे, कीं तें दिसलें तर आपली किंमत उरणार नाहीं.

१९७३ सालीं मी आठवींत होतों. शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेंत मला पहिलें बक्षीस मिळालें. समारंभास पालकांना बोलाविलें होतें. ती चिठ्ठी मीं घरीं दाखविलीच नाहीं. कयाधू नदींत फाडून टाकली. व्यासपीठावरून माझें नांव पुकारलें गेलें, तरी मी जागचा उठलों नाहीं. दुसऱ्यांदा हांक आली, तरीही नाहीं. अखेर शेजारच्या मुलानें तें पुस्तक आणून माझ्या हातांत ठेवलें. चुकून दुसऱ्याची वस्तु आपणांकडे आली, असें मला वाटलें.

दुपारीं गणितांत गुण कमी मिळाले आणि रात्रीं वडील पिऊन आले, तर त्या दोहोंचा संबंध मी मनांत जोडीत असें. मी अधिक चांगला असतों, तर ते प्याले नसते! मुलाला बापास दोष देण्यापेक्षां स्वतःस देणें सोपें जातें. कारण बापच वाईट ठरला, तर आधार कोणाचा? मग कांहीं मुलें सदा पहिला नंबर मिळवून घराची लाज राखूं पाहतात, कांहीं अबोल होतात, कांहीं उर्मट. मुळाशीं समजूत एकच, कीं आपण इतरांहून कमी आहोंत.

या समजुतीला पहिला तडा माझ्या आत्यानें दिला. एका एकादशीस ती मला नर्सीला नामदेवांच्या दर्शनास घेऊन गेली होती. परततांना म्हणाली, "हें बघ बाळ, दादा पितो तें तुझ्यामुळें नाहीं. तें थांबविणें तुझ्या हातचें नाहीं, आणि तें तुझें कामही नव्हे." मी रस्त्यांतच रडूं लागलों. त्या रात्रीं पावलें तशींच वाजलीं. पण मीं तीं मोजलीं नाहींत. पुढें कांहीं दिवसांनीं बक्षिसाचें पुस्तक उघडून वाचावयास घेतलें.

गडकऱ्यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हांपासून महाराष्ट्र सिंधूसाठीं रडत आला आहे. तिचें तान्हें मूल बापाच्या हातून मरतें. बोलण्याचें वय त्याला लाभतच नाहीं. बोलत्या वयाच्या अशा मुलांना एकमेकांजवळ मन मोकळें करतां यावें, म्हणून अमेरिकेंत १९५७ सालीं 'अ‍ॅलाटीन' हे मेळावे सुरू झाले. आपल्याकडे डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं पुण्यास 'मुक्तांगण' काढलें. वैद्यकशास्त्र आज व्यसनाला रोग मानतें. माझे वडील त्यापूर्वींच, १९८३ सालीं, गेले.

वडीलधाऱ्या मंडळींस माझी विनंती एवढीच, कीं घराच्या अब्रूसाठीं मुलाच्या तोंडीं खोटें घालूं नये. व्यसन सुटण्यास वर्षें लागतील. कदाचित् तें सुटणारही नाहीं. परंतु आत्या जें बोलली, तें बोलण्यास एक संध्याकाळ पुरते.