लखनौची गुलदाउदी : थंडीची वाट पाहणारं फूल

लखनौ म्हटलं, की इमामबाडे, चिकनचे कुडते आणि कबाब आठवतात. पण दिवाळी होऊन गेली आणि सकाळी गोमतीच्या काठावर धुकं उतरू लागलं, की हे शहर आणखी एका कारणासाठी पाहण्यासारखं होतं. गच्च्यांवर, अंगणांत, बंगल्यांच्या पायऱ्यांवर कुंड्यांच्या रांगा लागतात आणि त्यांत पांढरी, पिवळी, जांभळी, विटकरी फुलं उमलतात. ही गुलदाउदी, म्हणजेच आपली शेवंती.

महाराष्ट्रात शेवंती ही हाराची आणि वेणीची. पुणे, सातारा या भागांत तिची शेतं आहेत. 'झिपरी', 'राजा' ही नावं बाजारात ऐकू येतात आणि दसरा-दिवाळीला तिचा भाव वधारतो. लखनौमध्ये मात्र हेच फूल कुंडीत वाढवून मिरवायचं असतं. एका रोपावर एकच फूल, पण ते ओंजळीत मावणार नाही एवढं! किंवा छोट्या फुलांनी असं झाकून गेलेलं झुडूप, की पान दिसू नये.

सिकंदर बाग

या छंदाचं माहेरघर म्हणजे सिकंदर बाग. हजरतगंजपासून जवळच असलेल्या या बागेला नवाब वाजिद अली शाह यांनी आपल्या सिकंदर महल या बेगमेचं नाव दिलं. पण बागेची खरी ओळख रक्ताने लिहिलेली आहे. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी इथे बंडवाले शिपाई आणि इंग्रजी फौज यांच्यात तुंबळ लढाई झाली. चार भिंतींच्या आत अडकलेले शेकडो शिपाई लढता लढता मारले गेले. झाडावर चढून शत्रूवर गोळ्या झाडणाऱ्या उदादेवी यांची कथा लखनौ अजून सांगतं. बाहेरच्या चौकात त्यांचा पुतळा आहे.

याच परिसरात आज राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे. १९४६ मध्ये प्रा. कैलाशनाथ कौल यांच्या पुढाकाराने इथे वनस्पती उद्यान आकाराला आलं. १९५३ मध्ये ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे गेलं आणि १९७८ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. गुलदाउदीवरचं संशोधन ही संस्थेची खासियत. गॅमा किरणांचा मारा करून जुन्या वाणांतून नव्या रंगांची फुलं इथल्या शास्त्रज्ञांनी मिळवली. शेंडा खुडावा न लागणारे आणि काठीचा आधार न लागणारे बुटके वाणही तयार केले. साधारणपणे डिसेंबरमध्ये भरणाऱ्या इथल्या प्रदर्शनात शहरातले हौशी बागवानही आपल्या कुंड्या मांडतात.

रात्र मोजणारं झाड

बाकीची बाग थंडीने गारठत असताना हीच का फुलते? याचं उत्तर थंडीपेक्षा अंधारात आहे. दिवस लहान आणि रात्री मोठ्या होऊ लागल्या, की गुलदाउदी कळी धरते. दिवस-रात्रीच्या लांबीचा झाडांच्या फुलण्याशी असलेला संबंध गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडला, पण चीन आणि जपानमधले माळी शरद ऋतूतलं हे फूल शतकानुशतकं जोपासत आले होते.

हा अंधार अखंड लागतो. मध्यरात्री थोडा वेळ जरी प्रखर उजेड पडला, तरी झाडाचा हिशेब चुकतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली ठेवलेली कुंडी नुसतीच पानांनी भरते आणि माळी खताला दोष देत बसतो! घराघरांवर रात्रभर दिवे जळणाऱ्या आजच्या शहरांत हे फूल जपायचं, तर आधी अंधारा कोपरा शोधावा लागतो.

दोन-तीन आठवड्यांसाठी वर्षभर

कुंडीतली फुलं दोन-तीन आठवडे दिमाखात राहतात, पण त्यांची तयारी वर्षभर चालते. जानेवारीत फुलं सुकली, की झाड जमिनीपासून वीतभर ठेवून छाटतात. वरचा भाग वाळला तरी मूळ जिवंत असतं. लखनौचा पारा चार-पाच अंशांवर आला, तरी ते तग धरतं. त्याच्या बुडाशी नवे फुटवे येतात. आपल्याकडचे शेतकरी त्यांना काश्या म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या मुळासकट वेगळ्या करून लहान कुंड्यांत लावतात.

खरी परीक्षा पावसाळ्यात. मुळाशी पाणी साचलं, की झाड कुजलंच म्हणून समजा. त्यामुळे कुंड्या विटांवर ठेवायच्या आणि संततधारेत आडोशाला न्यायच्या. जून-जुलैमध्ये शेंड्याची बोटभर कलमं वाळूत लावली, की तीनेक आठवड्यांत मुळं फुटतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांना दहा इंची कुंडी मिळते. झुडूप भरगच्च हवं असेल तर शेंडे खुडायचे. एकच मोठं फूल हवं असेल तर मधली कळी ठेवून बाजूच्या सगळ्या कळ्या काढायच्या. मोठ्या फुलाला बांबूच्या कामटीचा आधार द्यायचा. पेंड भिजवून केलेलं, चहाच्या रंगाइतकं पातळ खतपाणी अधूनमधून घालायचं आणि कळीत रंग दिसला की थांबवायचं.

या सगळ्या खटाटोपामागे एक कारण आहे. गुलदाउदीचा वाण बियांतून जसाच्या तसा उतरत नाही. बी पेरलं तर येणारं रोप आईसारखं असेलच असं नाही. तेच फूल पुन्हा हवं असेल, तर त्याच झाडाचा फुटवा किंवा कलम हवं. म्हणजे एखादा जुना वाण आज फुलतो आहे याचा अर्थ, गेल्या कित्येक वर्षांत दर हिवाळ्यानंतर कुणीतरी न विसरता त्याच्या काश्या वेगळ्या केल्या आहेत. सगळीकडेच एखाद्या वर्षी ही साखळी तुटली, तर तो वाण संपला. अंगणाची घरं पाडून इमारती उभ्या राहतात, तेव्हा धोक्यात येतात ते असे वाण. म्हणूनच अनुभवी बागवान आपलं आवडतं फूल एकट्याकडे ठेवत नाहीत, ते चार घरी वाटतात. आपल्याकडचं रोप मेलं, तर शेजाऱ्याकडून ते परत आणता येतं.

तुमच्याही गॅलरीत

हे झाड महाराष्ट्रातही सहज येतं. दिवसाचे पाच-सहा तास ऊन, रात्री अंधार आणि पाण्याचा चांगला निचरा एवढ्या तीन गोष्टी सांभाळा. पोयटा माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारख्या प्रमाणात घ्या, त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळा. पाणी पानांवर न उडवता बुडाशी घाला. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला, तर साबणाचं सौम्य पाणी फवारा. पहिल्या वर्षी छोट्या फुलांचा वाण घ्या, तो चुका पोटात घालतो.

लखनौला जायचं तर डिसेंबर उत्तम. मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेस थेट नेते. प्रदर्शनाच्या तारखा दर वर्षी बदलतात, त्या आधी विचारून घ्या. गरम कपडे विसरू नका. पहाटे चौक भागात जाऊन मलई-मक्खन चाखा. फेसासारखी हलकी ही मिठाई फक्त थंडीतच मिळते. आणि एखाद्या बागवानाचं फूल मनात भरलंच, तर त्याला नाव विचारा, वहीत लिहून ठेवा आणि फेब्रुवारीत फुटवा मागा. बहुतेक वेळा तो नाही म्हणणार नाही. त्याच्या फुलाला आणखी एक घर मिळालेलं त्यालाही हवंच असतं.