वायपरचा बोल्ट

खोऱ्यात शिरलं की क्षितिज नाहीसं होतं. मैदानावर उडणाऱ्याला हे सांगून पटत नाही, कारण त्याच्यासमोर ते कायम आखलेलं असतं. जोरहाटहून निघाल्यावर ब्रह्मपुत्रेच्या पलीकडे जाईपर्यंत आमच्याही समोर ते असायचं, आसामच्या सपाटीवर, धुरकट पण सरळ. मग अरुणाचलचे डोंगर लागत, सियोमचं खोरं दोन्ही अंगांनी जवळ येई आणि डोळा मिळेल त्या रेघेला क्षितिज मानून मोकळा होई. कधी दूरच्या धारेला, कधी ढगांच्या तळाला, कधी नुसत्या झाडांच्या शेंड्यांना. खोऱ्याचा तळ हळूहळू वर चढत असतो. आपण त्याला समांतर राहतो आणि सरळ चाललोय अशा समजात असतो. प्रत्यक्षात नाक वर गेलेलं असतं, वेगाचा काटा उतरत असतो, आणि इंजिनांचा आवाज मात्र होता तसाच असतो, म्हणजे कानही मदतीला येत नाहीत.

वाहतुकीच्या विमानांवरची माझी सगळी वर्षं या एका फसवणुकीभोवती गेली. बाकीचं सगळं शिकवता येतं. लोड कसा बांधायचा, आखूड पट्टीवर कुठे टेकायचं, ड्रॉपच्या आधी वेग किती आणायचा, याला पुस्तक आहे आणि पुस्तक बरोबर आहे. खोट्या क्षितिजाबद्दल पुस्तकात एकच सूचना असते: सावध राहा. कसं, ते नसतं.

हे आता लिहायचं कारण एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन. जोरहाटला माझ्या उजव्या खुर्चीत बसायला आला तेव्हा मिसरूड फुटल्यासारखा दिसायचा, आता कानशिलं पिकली आहेत. एएन-32 वरून तो सी-295 वर गेला. म्हणाला, "सर, नव्या मुलांसाठी टिपण करतोय. खोऱ्यातल्या अंदाजावर दोन पानं द्याल?" मी लगेच हो म्हटलं, आणि कागद पुढे घेतल्यावर लक्षात आलं की मी आजवर याविषयी कुणालाही खरं सांगितलेलं नाही. विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असे: "सवयीने दिसायला लागतं." स्क्वाड्रनमध्ये म्हणत, सरांना खोरं दिसतं. ते माझ्या कानावर येत असे, आणि येत राहावं याची मी काळजीही घेत असे.

मला खोरं दिसत नव्हतं. मला वायपरचा बोल्ट दिसत होता.

ब्रह्मपुत्रेच्या सपाटीवर असताना, उंची आणि वेग स्थिर झाले की खरं क्षितिज समोरच्या काचेवर कुठे येतं ते मी बघून ठेवायचो. माझ्या बाजूच्या वायपरच्या बुडाशी एक बोल्ट होता. क्षितिज त्याच्या किती वर आहे, ते बोटांनी मोजायचं, हात पुढे लांब करून. को-पायलटला वाटे, मी सूर्य आडवतोय. मग ते माप तसंच्या तसं डोंगरात घेऊन जायचं. खोऱ्यात क्षितिज झाकलं गेलं तरी ते असतं तिथेच असतं, आपल्या डोळ्यांच्या पातळीत. समोरच्या डोंगरावर त्या मापाच्या वर जे दिसतं ते आपल्यापेक्षा उंच, खाली दिसतं ते ठेंगणं. खिंड मापाच्या खाली असेल तर आपण आत्ताच तिच्यावर आहोत, वर असेल तर अजून चढायचंय. पलीकडचा डोंगर खिंडीतून अधिकाधिक दिसत गेला तर ठीक. कमी कमी दिसत गेला तर परतायचं.

कुणी म्हणेल, आर्टिफिशियल होरायझन कशासाठी असतो? असतो, आणि ढगात तोच देव. पण तो सांगतो आपलं नाक कुठे आहे. समोरचा कडा किती उंच, ते त्याला माहीत नसतं. आणि खोऱ्यात नजर बाहेर लागते. आत वाकून बघण्यात जो क्षण जातो तो फार महाग असतो.

आता खरी अडचण. ते माप टिकत नाही. लोड भरलेला असताना त्याच वेगाला विमान नाक थोडं वर धरून उडतं, म्हणून काचेवर क्षितिज खाली येतं. लोड उतरवून परतताना नाक खाली, क्षितिज वर. वेग कमी केला की पुन्हा बदल. फ्लॅप काढले की नाक पुन्हा खाली. खुर्ची एक खाच वर घेतली तर सगळंच चुकलं, म्हणून माझ्या खुर्चीच्या उंचीला कुणी हात लावला की मी चिडायचो, आणि चिडण्याचं कारण सांगता येत नसल्यामुळे तिरसट म्हणून माझी ख्याती झाली. नदीवर घेतलेलं माप आलो या गावापर्यंत खरं, त्यापुढे वेग बदलला की ते मनातल्या मनात सरकवायचं. किती सरकवायचं? त्याचं कोष्टक मी आयुष्यभर डोक्यात बनवत राहिलो. भरलेल्या विमानाचं जमलं. रिकाम्याचं कधी पूर्ण जमलं नाही.

शिवाय बोल्ट उंची सांगतो, रुंदी नाही. खोरं किती रुंद आहे हे झाडांवरून ताडायचं, आणि खाली रुंद पानांचं जंगल आहे की वर पाइन, यावर डोळ्यातलं अंतर बदलतं. म्हणून उजव्या डोंगराला चिकटून जायचं, म्हणजे परतायची वेळ आली तर सगळी रुंदी डावीकडे शिल्लक आणि डाव्या खुर्चीतून ती दिसतेही. मध्यातून जाणारा माणूस नीटनेटका वाटतो, पण त्याने अर्धं खोरं फुकट घालवलेलं असतं. दहा हजार फुटांवर हवा इतकी विरळ असते की वेगाचा काटा तोच आकडा दाखवत असताना वळणाचं वर्तुळ समुद्रसपाटीपेक्षा एक तृतीयांशाने मोठं होतं. काट्याकडे बघून वळणारा माणूस सपाटीवरचं वर्तुळ मनात धरून वळत असतो. त्यात वारा पाठीमागून असला तर तो आपल्याला वळता वळता खोऱ्यात आणखी आत ढकलतो. मी नव्या मुलांना सांगायचो की दर वळणानंतर मान मागे करून परतीची वाट बघा, कारण तीच वाट उलट्या दिशेने वेगळी दिसते. हे मी मोकळेपणाने सांगायचो. बोल्ट तेवढा लपवला.

लडाखच्या फेऱ्या करणारे चंदीगडवाले हे ऐकून हसतील. त्यांचा आणि आमचा वाद जुना आहे. त्यांच्यामागे इतिहास आहे, हे कबूल. 1948 च्या मे महिन्यात एअर कमोडोर मेहेर सिंग यांनी जनरल थिमय्यांना घेऊन लेहला डाकोटा उतरवला, तोही ऑक्सिजनशिवाय, तिथे पट्टी म्हणावी असं फारसं काही नसताना. 1962 च्या जुलैत स्क्वाड्रन लीडर राजे यांनी दौलत बेग ओल्डीला पॅकेट विमान उतरवलं, सोळा हजार फुटांच्या वर. त्या नावाचा अभिमान मीही मिरवतो, मराठी माणूस म्हणून थोडा जास्तच. पण लडाखचं आकाश सकाळी स्वच्छ असतं. तिथला डोंगर उघडा असतो, काय आहे ते दाखवतो. आमच्याकडे डोंगर ढगात, ढग झाडांत, आणि मेट ब्रीफिंगमधलं खोरं उघडं असल्याचं वाक्य तिथे पोचेपर्यंत शिळं झालेलं. चंदीगडवाल्यांनी विरळ हवेशी झुंज दिली, आम्ही न दिसण्याशी. यातलं अवघड कोणतं, हे मी कोणत्याही मेसमध्ये कितीही वेळ सांगू शकतो. 7 फेब्रुवारी 1968 ला लेहकडे गेलेलं एएन-12 एकशे दोन माणसांसह नाहीसं झालं आणि त्यातली माणसं लाहौलची हिमनदी 2003 पासून थोडी थोडी परत देते आहे, हे आठवलं की मात्र मी वाद थांबवतो.

फायटरवाल्यांबद्दल काय बोलावं? ते आम्हाला ट्रकवाले म्हणत. म्हणू देत. आमच्या ट्रकमध्ये मीठ असे, डाळ, रॉकेल, पत्रे, कधी शेळ्या. सियोमच्या खोऱ्यातल्या मेचुकाच्या जुन्या पट्टीवर लोखंडी जाळीच्या पट्ट्या होत्या. त्यांच्यावर चाकं टेकली की दातापर्यंत खडखडाट होई. मागचा रॅम्प उघडला की थंड हवा आणि माणसं एकदमच आत यायची. परतीच्या फेरीत रजेवर निघालेले जवान, पोटुशी बाई, हात मोडलेलं पोर, परीक्षेला निघालेले विद्यार्थी. विजयनगरला तर तिन्ही बाजूंना म्यानमार, आणि तेव्हा बाहेर पडायचं तर नामदफाच्या जंगलातून कित्येक दिवसांची पायपीट असे. तिथे विमानाची वाट माणसं पट्टीच्या कडेला बसून बघत. हवामानामुळे आम्ही वरूनच परत फिरलो की त्यांना फक्त आवाज ऐकू यायचा. परतणं हा निर्णय बरोबर असायचा, आणि तरी तो आवाज त्यांनी ऐकला असणार, हे मला जोरहाटला जेवताना आठवायचं. माझा बोल्ट मला इतका प्रिय का, याचं एक कारण हेही आहे. त्याच्या जोरावर कधी कधी, दुसऱ्याने फेरी सोडून दिली असती अशा दिवशी मी पोचलो. त्या दिवशी मेसमध्ये मी गप्प बसायचो. गप्प बसण्याने कौतुक वाढतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

3 जून 2019 ला जोरहाटहून मेचुकाला निघालेलं एएन-32 पोचलं नाही. तेरा जण होते. आठ दिवसांनी अवशेष दिसले. त्या आठवड्यात पुण्यात माझ्या घरी टीव्ही सतत चालू होता. वाटेचं एकेक वळण मला डोळे मिटून सांगता येत होतं, आणि एका वाहिनीवर भलताच कुणी नकाशावर काठी फिरवत होता. माझ्या मनात काय आलं ते लिहितो: मला विचारायला हवं होतं, असं आलं. तेरा घरांत आकांत चाललेला असताना माझ्यातल्या वैमानिकाला मान हवा होता. पुढे एकाने खरंच फोन केला, तेव्हा मी उचलला नाही. ते विमान का पडलं यावर मी तेव्हाही मत दिलं नाही, आजही देणार नाही. बोल्ट, मान मागे करणं, उजवा डोंगर, हे सगळं येणारी माणसंही त्या खोऱ्यांत राहिली आहेत.

उडण्याच्या कलेच्या ऱ्हासाबद्दल बोलायचं तर माझ्या वयाच्या माणसाने बोललंच पाहिजे. सी-295 मध्ये समोर मोठाले पडदे आहेत. विमानाच्या पातळीवरचा डोंगर पिवळा होतो, बराच उंच असला की लाल. म्हणजे माझा बोल्टच, फक्त कधीही न सरकणारा. वजन, वेग, फ्लॅप काहीही असो, त्याचं गणित आपोआप होतं. आम्ही म्हणतो की नव्या मुलांचे डोळे पडद्याला चिकटलेत, बाहेर बघण्याची कला गेली. मीही म्हणतो. पण खरं म्हणजे पडदा चुकतो म्हणून माझं पोट दुखत नाही, बरोबर येतो म्हणून दुखतं. 2016 साली मेचुकाच्या नव्या पट्टीवर चार इंजिनांचं सी-17 उतरलं, जेमतेम 4,200 फुटांत. तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा बघितला. पहिल्यांदा अभिमानाने, नंतर त्याने खोऱ्याची कुठली बाजू धरली होती ते शोधायला. दिसलं नाही. ती बाजू मी शोधत होतो, यावरून माझी नजर किती उदार आहे ते कळेल.

दोन पानं शेवटी लिहून झाली. बोल्ट लिहिला, खुर्चीची उंची लिहिली, लोडप्रमाणे माप कसं सरकतं तेही लिहिलं. विद्यार्थ्याचा फोन आला. तो म्हणाला, "बोल्टचं आम्हाला माहीत होतं, सर. तुम्ही हात लांब केलात की आम्ही मागे एकमेकांकडे बघायचो. आम्ही सगळे तेच करायचो." मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? "तुम्हाला आवडलं नसतं." इतकी वर्षं पोरांनी माझं गुपित माझ्यासाठी सांभाळलं होतं, आणि मी समजत होतो, मी ते त्यांच्यापासून सांभाळतोय.

मग त्याने सहज सांगितलं की रिकाम्या विमानाचं माप त्याने पुढे कधीतरी नीट बसवलं, वेगवेगळ्या वेगांना, वहीत आकड्यांसह. मी विषय बदलला. हवामानाविषयी, त्याच्या मुलीच्या बारावीविषयी बोललो. फोन ठेवल्यावर एका कागदावर माझा स्वतःचा अंदाज लिहिला: परतीच्या वेगाला, फ्लॅप बंद, भरलेल्या विमानापेक्षा क्षितिज एक बोटभर वर. खाली तारीख टाकली आणि सही केली. पुढच्या वेळी त्याला वही आणायला सांगणार आहे. आकडा जुळला तर कागद दाखवीन. नाही जुळला तर कागदाबद्दल त्याला काही कळायचं कारण नाही.