लोहचुंबक बंद होत नाही

माडावरून पडलेल्या माणसाला उचलायला सगळी वाडी धावते, आणि नेमकी तिथेच इजा वाढते. कोकणातल्या केळशीत आगरे आहेत तोवर माड-पोफळीवर चढणे आहे, म्हणून हे आधी. मणका मोडला तर एक्स-रेत हाड दिसेल. मज्जारज्जूवर दाब आला आहे का, त्याला सूज आहे का, हे एमआरआयमध्येच नीट कळते. पण तिथवर माणूस फळीवर सरळ, मान-पाठ न वाकवता गेला पाहिजे. रिक्षात बसवून नेऊ नका.

*

दापोलीच्या डॉक्टरांनी “एमआरआय काढून आणा” म्हटले की घरात पहिली धास्ती किरणांची. ती अनाठायी आहे. क्ष-किरण सीटी स्कॅनमध्ये असतात, एमआरआयमध्ये नाहीत. इथे चुंबक आणि रेडिओलहरी; शरीरातल्या पाण्यातला हायड्रोजन त्यांना जो क्षीण प्रतिसाद देतो, त्यातून चित्र बनते. पॉल लॉटरबर यांनी 1973 मध्ये ही वाट दाखवली, 2003 मध्ये त्यांना आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना नोबेल मिळाले.

भ्यायचे ते लोखंडाला.

*

पृथ्वीचे चुंबकत्व आपल्याकडे सुमारे 40 मायक्रोटेस्ला. नेहमीचे यंत्र 1.5 टेस्लाचे, म्हणजे 35 हजार पटींहून जास्त. आतली तारेची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये उणे 269 अंशांवर बुडवलेली असतात. त्या थंडीत विजेला विरोध उरत नाही, प्रवाह फिरतच राहतो. म्हणून तपासणी संपली, दिवे मालवले, खोलीला कुलूप लागले, तरी चुंबक चालूच. तो तातडीने उतरवायचा तर हेलियमची वाफ करून बाहेर सोडावी लागते.

*

27 जानेवारी 2018, मुंबईचे नायर रुग्णालय. रुग्णासोबत आलेला तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. मशीन बंद आहे, असे सांगितल्याचे घरच्यांचे म्हणणे होते. सिलिंडरसकट तो यंत्राकडे खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. त्याआधी, नोव्हेंबर 2014 मध्ये, खारघरच्या कर्करोग केंद्रात, अ‍ॅक्ट्रेकमध्ये दोन कर्मचारी सिलिंडर आणि यंत्र यांच्यामध्ये तासन्‌तास अडकले होते. अमेरिकेत 2001 मध्ये सहा वर्षांचा मुलगा अशाच सिलिंडरने दगावला.

तिन्ही ठिकाणी वस्तू एकच, आणि ती रुग्णाला जगवण्यासाठी आणलेली. मला याचा फार त्रास होतो. नातेवाइकाला ओझे उचलायला लावायची आपल्याकडची पद्धत निदान त्या दारापाशी तरी थांबलीच पाहिजे. कुणीही सांगो, तंत्रज्ञाने स्वतः आत बोलावल्याखेरीज पाऊल टाकू नये.

*

फॉर्मवर “शरीरात धातू आहे का?” असे छापलेले असते. आमच्या आजीला त्यावरून काय कळणार? तिला विचारावे: जोडवी निघतात का? ब्लाऊजला पिन आहे? कवळी? कानात मशीन? हृदयात स्प्रिंग घातली आहे का, पेसमेकर आहे का? मोडलेल्या पायात पट्टी बसवली होती ती कुठल्या साली? टायटॅनियमची पट्टी सहसा चालते. काही नवे पेसमेकरही चालतात, पण आधी त्यांची सेटिंग बदलून घ्यावी लागते. मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली जुनी क्लिप मात्र जिवावर बेतू शकते.

हर्णैला होड्यांवर वेल्डिंग, ग्राइंडिंग करणाऱ्यांना आणखी एक प्रश्न: डोळ्यात कधी कण गेला होता? विसरलेला लोखंडाचा कण चुंबकात हलला तर दृष्टी जाऊ शकते. शंका असेल तर आधी डोळ्याचा एक्स-रे.

*

एमआरआयमध्ये काय काय सापडते! पहिल्यांदाच फिट आलेल्या माणसाच्या मेंदूत पट्टकृमीची गाठ. शुद्ध शाकाहारी घरातही; कारण कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून, घाण पाण्यातून येतात. महिनोन्‌महिने मालिश करून घेतलेल्या पाठीत मणक्याचा क्षय. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्या काहींच्या खुब्याचे हाड रक्ताविना मरू लागलेले, एक्स-रे अजून साफ. हे वेळेत दिसले तर औषधाला वाव असतो.

*

उलट बाजूही लिहायला हवी. पाठ मुळीच न दुखणाऱ्या 3110 जणांच्या तपासण्या एकत्र करून 2015 मध्ये जो आढावा आला, त्यात विशीतल्या 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांची मणक्यांमधली गादी फुगलेली होती. तेव्हा रिपोर्टात “गादी सरकली” आले म्हणून लगेच ऑपरेशनला पैसे जमवू नयेत. पाय लुळा पडणे, लघवीवर ताबा न राहणे, ताप, वजन घटणे, अशी लक्षणे असतील तर मात्र एक दिवसही दवडू नये.

*

शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देणार असतील तर किडनीचा आजार आधी सांगा. आत ठकठक फार मोठी असते. कानाला बोळे मागून घ्या. त्वचेला चटका बसल्यासारखे वाटले तर हातात दिलेला इशाऱ्याचा फुगा लगेच दाबा, सोसू नका.

*

निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, इकडे छपरे उडाली, कपाटांतले कागद भिजले. ज्यांच्या अंगात पट्टी, स्टेंट किंवा पेसमेकर आहे त्यांनी एमआरआयआधी दाखवायचे त्याचे कार्ड प्लास्टिकमध्ये ठेवावे, आणि त्याचा फोटो मुंबईतल्या मुलाच्या मोबाइलवरही असू द्यावा.