होकारानंतरचे मौन

मराठी शिकवणाऱ्या आम्हाला ‘व्यवहार’ हा शब्द संगणकशास्त्रात भेटला, तेव्हा कुतूहल वाटले. रक्कम एका डेटाबेसमधून वजा होऊन दुसऱ्यात जमा व्हायची, तर दोन्ही नोंदी व्हाव्यात. नाहीतर एकही नको. म्हणून समन्वयक प्रत्येकाला आधी ‘तयार?’ असे विचारतो आणि सर्वांचा होकार आल्यावरच नोंद पक्की करायला सांगतो. पण होकारानंतर समन्वयकच मूक झाला तर? शब्द दिलेल्याला पुढेही जाता येत नाही, मागेही फिरता येत नाही. कधी अखेर माणसालाच निर्णय द्यावा लागतो. या विचाराचे एक प्रवर्तक जिम ग्रे २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या समुद्रात नौकेसह बेपत्ता झाले. कायद्याने त्यांना मृत ठरवले ते २०१२ मध्ये. मधली पाच वर्षे कोणत्या खात्यावर मांडावीत, हे आम्हाला उमगत नाही.